जुन्या गाडीचा हेडलाइट: उजेड वाढवणं आणि फोकस लावणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जुन्या मारुती ८००, ओम्नी, अँबेसेडर, कमांडर-मेजर जीप, सुमो, बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर आणि २०१७ पूर्वीच्या मोटारसायकली चालवणाऱ्यांसाठी आहे. बीड-अंबाजोगाई असो की जिंतूर-परभणी, रात्रीच्या रस्त्याला दिवे नसतात, कडेच्या पांढऱ्या पट्ट्या पुसलेल्या असतात आणि पुढे उसाची ट्रॉली केव्हा येईल सांगता येत नाही. अशा वेळी सगळा भरवसा हेडलाइटवर. बाजारात आज मिळणाऱ्या निम्म्या 'अपग्रेड'ची गरजच पडत नाही. गाडीत आधीच असलेला उजेड वायरिंगमध्ये, रिफ्लेक्टरमध्ये आणि बिघडलेल्या फोकसमध्ये वाया जात असतो. म्हणून या पानावर आधी तो परत कसा मिळवायचा हे सांगितलं आहे, खरेदीचं नंतर.

नवा बल्ब टाकला तरी उजेड पिवळा आणि मंदच आहे. बल्ब डुप्लिकेट निघाला का?

असू शकतो, पण बहुतेक वेळा दोष व्होल्टेजचा असतो. एच-४ हॅलोजन बल्ब (६०/५५ वॅट) १३.२ व्होल्टला डिपरवर (जवळचा, खाली वळलेला झोत) साधारण १,००० आणि अपरवर (लांबचा झोत) १,६५० ल्युमेन देतो. व्होल्टेज थोडं घटलं तरी हॅलोजनचा उजेड त्याच्या कितीतरी पटीने घटतो. बल्बपाशी १२ व्होल्ट पोचत असतील तर उजेड ७२ टक्क्यांच्या आसपास राहतो, ११ व्होल्टला जवळपास निम्मा. आणि वीस वर्षांच्या गाडीत बल्बपाशी ११ व्होल्ट मिळणं ही रोजची गोष्ट आहे.

याचं कारण जुन्या गाड्यांच्या वायरिंगच्या रचनेत आहे. बॅटरीपासून निघालेला करंट इग्निशन स्विच, लाइटचा स्विच, डिपर स्विच, फ्यूज बॉक्स आणि चार-पाच कपलर ओलांडून पुढे येतो. प्रत्येक जोडावर गंज आणि धूळ बसलेली असते, प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट गळतात. वायरही मुळातच बारीक असते.

व्होल्टेज नेमकं कुठे गळतंय हे घरी कसं तपासायचं?

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे. २० व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन चालू करून रेस थोडी वाढवलेली ठेवा आणि डिपर लावा. मग चार मापं घ्या.

१. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर: १३.८ ते १४.४ यायला हवेत. १३ च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटरचा पट्टा आणि चार्जिंग बघा, हेडलाइटला हात लावू नका.

२. बल्ब जोडलेला असतानाच होल्डरच्या मागून डिपरच्या पिनला लाल आणि अर्थच्या पिनला काळी पिन लावा. बॅटरीच्या मापापेक्षा अर्ध्या व्होल्टने कमी असेल तर चालेल. एक व्होल्ट किंवा जास्त फरक असेल तर काम निघालंच.

३. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी बल्बच्या डिपर पिनवर. जे माप येईल ते सगळं प्लसच्या बाजूला गळतंय.

४. लाल पिन बल्बच्या अर्थ पिनवर, काळी बॅटरीच्या मायनसवर. हे माप अर्थिंगमध्ये होणारी गळती.

बल्ब काढून फक्त होल्डरवर मोजू नका. करंटच वाहत नसेल तर खराब वायरसुद्धा पूर्ण १४ व्होल्ट दाखवते आणि 'वायरिंग ओके आहे' असा चुकीचा निकाल निघतो. गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प लावून हीच चूक सर्रास होते.

चौथं माप ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा नट सोडा, बॉडीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, नवा लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी) लावून घट्ट करा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. एक हेडलाइट तेज, दुसरा मंद, किंवा इंडिकेटर लावला की हेडलाइट थरथरतो, या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा याच नटाखाली सापडतं.

रिले बसवल्याने खरंच फरक पडतो का? कसा बसवायचा?

पडतो. जुन्या गाडीसाठी आमचा पहिला सल्ला हाच असतो. रिले (थोड्या करंटने चालणारा वेगळा स्विच) असला की जाड वायरने बॅटरीतून थेट बल्बला करंट मिळतो आणि डॅशबोर्डवरच्या स्विचला फक्त रिले ओढण्यापुरता, म्हणजे पाव अँपिअरच्या आत करंट वाहावा लागतो. उजेड वाढतो आणि स्विच जळायचा थांबतो.

सामान: १२ व्होल्ट ३०/४० अँपिअरचे चार पिनचे दोन रिले (एक डिपरला, एक अपरला), सॉकेटसह, १५ अँपिअरचे दोन ब्लेड फ्यूज आणि झाकणाचे फ्यूज होल्डर, २.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर साधारण ६ ते ८ मीटर. रिलेच्या ट्रिगरसाठी (रिले ओढणाऱ्या बारीक करंटसाठी) ०.७५ ची थोडी. दोन सिरॅमिक एच-४ होल्डर. लग, हीट-श्रिंक नळी आणि वायरवर चढवायची नालीदार नळी.

जोडणी अशी:
- पिन ३०: बॅटरी प्लसपासून फ्यूजमधून. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला थांबवणारं काही नसतं.
- पिन ८७: दोन्ही बाजूंच्या बल्बच्या डिपर पिनला. दुसऱ्या रिलेची ८७ अपर पिनला.
- पिन ८६: जुन्या होल्डरला येणारी डिपरची (दुसऱ्या रिलेला अपरची) मूळ वायर.
- पिन ८५: अर्थ.
- बल्बच्या अर्थ पिनपासून २.५ ची वायर स्वच्छ केलेल्या बॉडीवर, जमल्यास थेट बॅटरीच्या मायनसवर.

मूळ वायरिंग कापू नका. एका बाजूचा जुना होल्डर ट्रिगरसाठी वापरा आणि दुसऱ्या बाजूचा टेप गुंडाळून, तोंड खाली करून बांधून ठेवा. उद्या रिले बिघडला तर जुना होल्डर परत लावून घरी येता येतं.

चुका कुठे होतात? पाच पिनचा रिले मिळाला तर मधल्या '८७-ए' पिनवर वायर लावली जाते, मग स्विच बंद असताना लाइट चालू राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. रिले उताणा बसवला की पावसाळ्यात सॉकेटमध्ये पाणी साचतं. पिना नेहमी खाली ठेवा. दोन्ही रिलेंना एकच फ्यूज दिला तर तो उडाल्यावर डिपर-अपर एकदम जातात, म्हणून वेगवेगळे. आणि वायर नुसती पिळून टेप लावलेला जोड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही: बॉनेटखालच्या तापाने टेपचा डिंक सुटतो, त्यात काळी धूळ शिरते. लग क्रिंप करा आणि वर हीट-श्रिंक चढवा.

काही जपानी धाटणीच्या गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थच्या बाजूला असतो. होल्डरच्या कोणत्या पिनवर काय आहे ते अंदाजाने धरू नका, मीटर लावून खात्री करा आणि मगच ८५-८६ जोडा.

रिलेनंतर बल्ब वारंवार उडायला लागले तर चार्जिंग व्होल्टेज मोजा. व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढलं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. १४.७ च्या वर जात असेल तर व्होल्टेज रेग्युलेटर तपासा.

१००/९० वॅटचा बल्ब टाकला तर?

टाकू नका. दोन ९० वॅटच्या बल्बांना साधारण १४ अँपिअर लागतात आणि अपरवर १५ च्या वर. मूळ वायरिंग निम्म्या-पाऊण करंटसाठी बनवलेलं असतं. परिणामी होल्डर वितळतो, डिपर स्विचच्या आतले पॉइंट जळतात, प्लास्टिकची काच आतून करपते, रिफ्लेक्टरची चकाकी काळवंडते. आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज एवढं पडतं की जास्तीचा बराचसा उजेड रस्त्यावर पोचतच नाही. रिले आणि जाड वायर घातली तरी समोरच्याला होणारा त्रास उरतोच, शिवाय हे बल्ब रस्त्यावरच्या वापरासाठी मंजूर नाहीत. चांगल्या कंपनीचा ६०/५५, पूर्ण व्होल्टेजवर आणि स्वच्छ रिफ्लेक्टरमध्ये, याच्यापेक्षा कामाचा ठरतो.

एच-४ च्या जागी एलईडी बल्ब टाकावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

एच-४ बल्ब हातात घेऊन पाहिला तर आत दोन फिलामेंट दिसतात. पुढच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. डिपर लावल्यावर उजेड फक्त वरच्या बाजूला, म्हणजे रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. वाटी खालचा भाग झाकते म्हणून उजेड वर जात नाही. भिंतीवर दिसणारी सरळ कडा, जिला आपण कट-ऑफ म्हणतो, ती या वाटीमुळे तयार होते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या बारीक फिलामेंटची जागा धरून आखलेला असतो.

एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच्या जागी दोन बाजूंना चपट्या चिप असतात. त्यांची जागा दोन मिलिमीटरने चुकली तरी उजेड फाकतो. चालवणाऱ्याला गाडीपुढचे १५-२० मीटर लख्ख पांढरे दिसतात आणि तो खूश होतो, पण लांबवर, जिथे म्हैस किंवा बंद पडलेला ट्रक दिसायला हवा तिथे, उजेड पूर्वीपेक्षा कमी असू शकतो. जवळचा भाग फार उजळला की डोळ्याची बाहुली लहान होते आणि लांबचं अजूनच दिसेनासं होतं. आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याला काहीच दिसत नाही.

तरीही लावायचाच असेल तर एवढं पाळा. चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून बसली पाहिजे, वर-खाली नको. त्यासाठी कॉलर फिरवता येतो. लावल्यानंतर भिंतीवर कट-ऑफ बघा. सरळ, स्पष्ट कडा दिसत नसेल तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरला चालत नाही, परत करा. मागच्या पंख्याला हवा हवी म्हणून रबर बूट कापला तर पाणी आणि धूळ आत जाणार. बूट बसेल असाच बल्ब घ्या. खोक्यावर '२०,००० ल्युमेन' लिहिलेलं असलं तर त्याकडे लक्ष देऊ नका. एक एलईडी वॅट साधारण १०० ल्युमेन देतो, म्हणजे २५-३० वॅटच्या बल्बकडून अडीच-तीन हजारांपलीकडे काही मिळत नाही.

एचआयडी (झेनॉन) किटचा दोष हाच, फक्त मोठ्या प्रमाणात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी लावूच नये.

जीप, बुलेट, अँबेसेडर किंवा पद्मिनीला सात इंची गोल लाइट आहे. तिथे काय पर्याय?

या गाड्यांना सोय जास्त आहे, कारण १७८ मिलिमीटरचा गोल साचा सगळीकडे एकच. गाडीत अजून जुना बिगर-हॅलोजन ४५/४० वॅटचा बल्ब असेल तर सात इंची एच-४ चा काचेचा पूर्ण संच बसवा. उजेडात पडणारा फरक पहिल्याच रात्री दिसेल. मागचा भाग थोडा लांब असतो, बुलेटच्या डब्यात वायरींची गर्दी होते. वायरी बाजूला बांधूनच बसवा, दाबून नाही.

सात इंची पूर्ण एलईडी युनिट एलईडी बल्बपेक्षा निश्चित चांगलं, कारण त्याची भिंगं त्या चिपसाठीच बनवलेली असतात. मात्र ऑनलाइन मागवताना एक गोष्ट बघाच. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपल्या डिपरची कडा डावीकडे वर उचललेली असते. युरोप-अमेरिकेसाठी बनवलेला लाइट उजवीकडे उचलतो, थेट समोरच्याच्या डोळ्यात. ई-मार्क (युरोपीय मान्यतेची खूण) असलेल्या काचेवर, समोर उभं राहून पाहिलं असता उजवीकडे तोंड केलेला बाण असेल तर तो डाव्या बाजूच्या रहदारीसाठी आहे. बाणाला दोन्हीकडे टोकं असतील तर तो दोन्हींना चालतो. बाण नसेल तर तो उजव्या बाजूच्या रहदारीचा समजावा.

काच पिवळी-धुरकट झाली आहे. टूथपेस्टने निघते का?

काही दिवसांपुरती चमकते, तेवढंच. साधारण २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांची 'काच' पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची आहे. तिच्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. आपल्याकडच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहिली की तो थर करपतो. टूथपेस्ट वरचा मळ काढते, पण नवा थर देत नाही.

नीट करायचं तर भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. पाण्याचा हात ठेवून ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं घासा, पांढरं दूध निघेल. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. मग १,२०० ने उभं, २,००० ने आडवं, शेवटी ३,००० ने. दिशा बदलत गेलं की आधीचे ओरखडे राहिलेत का ते दिसतं. मग रबिंग कंपाउंड. त्यानंतर स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळल्यावर यूव्ही संरक्षण देणाऱ्या टू-के (हार्डनर मिसळलेल्या) क्लिअर कोटचे दोन हलके हात द्या. हा शेवटचा टप्पा गाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टू-के स्प्रेची वाफ विषारी असते: मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावून, किंवा सरळ पेंटरकडून करून घ्या.

खरी काच असलेल्या जुन्या गाड्यांत पिवळेपणा येत नाही. तिथे वाळू-खडीने बारीक खड्डे पडतात. अशी काच बदलणंच बरं.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल काचेवर वाळला तर कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी पाणी मारून भिजू द्या, मग हाताने उतरवा.

रिफ्लेक्टर आतून पुसला तर चालेल का?

नाही. आरशासारखा दिसणारा तो अॅल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो. फडकं फिरवलं की तो निघतो किंवा त्यावर ओरखडे उमटतात. आत धूळ असेल तर फक्त हवा मारा. थर काळवंडला, सोलला, त्यावर डाग पडले तर कोणताही बल्ब उपयोगाचा नाही, संच बदला. काही ठिकाणी क्रोम प्लेटिंग करून देतात. डोळ्याला ते चकचकीत दिसतं, पण क्रोम अॅल्युमिनियमपेक्षा बराच कमी उजेड परत फेकतो.

फोकस घरच्या घरी कसा लावायचा?

आधी तयारी. चारही टायरमध्ये योग्य हवा, टाकी अर्धी, चालकाच्या सीटवर चालकाएवढं वजन, डॅशबोर्डवर लाइट खाली-वर करायचं बटण असेल तर ते '०' वर. बल्बचे तीन कान खाचेत नीट बसलेत आणि स्प्रिंग क्लिप अडकली आहे ना ते बघा. बल्ब तिरका बसला असेल तर स्क्रू फिरवून काहीही होणार नाही.

जागा सपाट हवी आणि पुढे उभी भिंत: शाळेचं आवार, जिनिंगचं गोडाऊन, मंगल कार्यालयाची फरशी. सपाट आहे की नाही हे नजरेवर सोडू नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब आणा. पुढच्या चाकापाशी, मागच्या चाकापाशी आणि भिंतीच्या पायथ्याशी जमीन एका पातळीत आहे का ते पाच मिनिटांत कळतं.

१. गाडी भिंतीला जवळपास टेकवून उभी करा. दोन्ही हेडलाइटच्या मध्यबिंदूसमोर भिंतीवर खडूने फुली मारा. दोन फुल्यांमधून आडवी रेघ आणि प्रत्येक फुलीतून उभी रेघ ओढा.

२. गाडी सरळ मागे घ्या, काचेपासून भिंत बरोबर ५ मीटर.

३. आडव्या रेघेखाली दुसरी रेघ ओढा. कारसाठी ५ ते ६.५ सेंमी खाली. जीप, पिकअप यांसारख्या उंच गाडीला ७.५ सेंमी. मोटारसायकलला चालक बसलेला असताना ५ ते ७ सेंमी.

४. डिपर लावा, एका बाजूचा होल्डर काढून ठेवा. प्लास्टिकच्या काचेवर गोणपाट टाकून झाकू नका, काही मिनिटांत काच तापून खराब होते.

५. कट-ऑफच्या कडेचा उजवीकडचा सपाट भाग खालच्या रेघेवर आणा. जिथून कडा डावीकडे वर चढायला लागते तो कोपरा त्याच लाइटच्या उभ्या रेघेवर हवा. मग दुसरी बाजू.

सात इंची गोल लाइटमध्ये वरचा स्क्रू उंचीचा आणि बाजूचा डाव्या-उजव्याचा. इतर गाड्यांत संचाच्या मागे दोन प्लास्टिक स्क्रू असतात. ते वर्षानुवर्षं फिरलेले नसतात. आधी गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा, मग पाव पाव फेरा मागे-पुढे करत सोडवा. एकदम जोर लावला तर प्लास्टिकची खीळ तुटते आणि पूर्ण संच घ्यावा लागतो.

एच-४ मध्ये डिपर-अपर एकाच रिफ्लेक्टरमध्ये आहेत, त्यामुळे डिपरचा फोकस लागला की अपरचाही आपोआप लागतो. 'अपर लांब जावा' म्हणून अपरवर फोकस लावणारे कारागीर डिपर बिघडवून ठेवतात.

एवढ्या सेंटिमीटरचा हिशोब कशासाठी? ५ मीटरवर ५ सेंमी म्हणजे एक टक्का उतार. ७० सेंमी उंचीवरचा लाइट मग ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. ६.५ सेंमी ठेवला तर ५४ मीटरवर. ९० सेंमी उंचीच्या जीपला ७.५ सेंमी ठेवला तर ६० मीटर. एक-दोन सेंमीच्या चुकीने रस्त्यावर पंधरा-वीस मीटर इकडे-तिकडे होतात.

फोकस नीट लावला, तरी माल भरल्यावर समोरचे डिपर मारतात. का?

मागचा भाग बसतो म्हणून. अडीच मीटर चाकअंतराच्या पिकअपमध्ये मोंढ्यावर न्यायची सोयाबीनची पोती भरली आणि मागची बाजू ५ सेंमी जरी खाली गेली, तरी लाइट दोन टक्के वर उठतो. आपण दिलेला दीड टक्क्याचा उतार संपून उजेड समोरच्याच्या तोंडावर जातो. जी गाडी नेहमी भरून चालते तिचा फोकस नेहमीच्या भारावरच लावा. रिकामी असताना उजेड थोडा जवळ पडेल, ते चालतं. मागचे पाटे दबले असतील तर आधी पाट्यांचं काम करा.

मोटारसायकलचा लाइट रेस केल्यावर वाढतो, थांबल्यावर मंद होतो. दोष आहे का?

जुन्या १०० सीसी गाड्यांत नाही. त्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, तो मॅग्नेटोच्या कॉइलमधून थेट एसी करंटवर चालतो. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणं बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाड्यांत ही रचना सर्रास सापडते. मीटर एसीवर ठेवून मोजा: रेस केल्यावर १२ ते १३.५ यायला हवेत. त्याच्या वर जाऊन बल्ब सतत उडत असतील तर रेग्युलेटरची अर्थ वायर बघा, बहुधा ती सैल किंवा तुटलेली असते.

अशा गाडीला साधा डीसी एलईडी बल्ब लावला तर तो लुकलुकतो आणि लवकर जातो. 'एसी-डीसी' असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. पूर्ण डीसी करायचं असेल तर कॉइलचं अर्थ केलेलं टोक वेगळं करून फुल-वेव्ह रेग्युलेटर बसवावा लागतो. हे काम कॉइल उघडायची सवय असलेल्या इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

३५/३५ वॅटच्या जागी कारचा ६०/५५ ठोकून बसवू नका. कॉइल तेवढी वीज देऊच शकत नाही. उजेड उलट पिवळा पडतो आणि होल्डर वितळतो. फार जुन्या राजदूत किंवा बुलेटला ६ व्होल्टची वायरिंग असू शकते, तिथे १२ व्होल्टचा बल्ब नुसता लाल दिसेल.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं काय?

ट्रॅक्टरचे पुढचे लाइट शेतात नांगरताना वर केलेले असतात आणि तसेच रस्त्यावर येतात. रस्त्यावर येण्याआधी ते खाली हवेत. मडगार्डवरचा मागे तोंड केलेला पांढरा दिवा औजारासाठी आहे, रस्त्यावर तो बंदच ठेवा. मागून येणाऱ्याला तो समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा वाटतो आणि त्या झोतात ट्रॉली दिसतच नाही.

गाळप हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे, दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर वाहतूक चालते. ट्रॉलीला सात पिनचं सॉकेट, दोन्ही टोकांना लाल दिवे आणि लाल रिफ्लेक्टर पट्टी एवढं तरी असावंच. पट्टी फळीच्या अगदी कडेला लावा, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. उसाची टोकं लोंबून पट्टी झाकली जाते, म्हणून एक पट्टी खाली चेसिसवरही हवी. चिकटवण्याआधी पत्रा थिनरने पुसा, नाहीतर पहिल्या पावसात निघेल.

बल्ब बदलताना काय जपायचं?

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथे काच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला. मागचा रबर बूट परत बसवा, त्यावरचा 'टॉप' वर ठेवून. तो फेकून दिल्यामुळेच बहुतेक हेडलाइटमध्ये पाणी आणि धूळ शिरते. पावसाळी सकाळी काचेवर आतून दिसणारं आणि लाइट लावल्यावर अर्ध्या तासात जाणारं हलकं दव चालतं. पाणी साचत असेल तर काच आणि रिफ्लेक्टरमधला सील गेला आहे. २४ व्होल्टच्या ट्रकला ७५/७० वॅटचा २४ व्होल्टचाच बल्ब लागतो.

पिवळे फॉग लाइट लावावेत का?

गोदाकाठच्या हिवाळी धुक्यात आणि धुळीत उपयोग आहे, पण तो रंगापेक्षा जागेमुळे. लाइट बंपरच्या खाली, झोत रुंद आणि चपटा हवा. हेडलाइटच्या उंचीवर लावलेला फॉग लाइट धुक्याची पांढरी भिंतच दाखवतो. हेडलाइटवर पिवळी फिल्म चिकटवली तर उजेड फक्त कमी होतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०६ नुसार झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा: लाइटपासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवता कामा नये. हे स्वतः तपासता येतं. फोकस लावून झाला की त्या जागी जाऊन उभे राहा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, म्हणून पूर्ण संच बदलण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. व्यावसायिक गाडीच्या पासिंगला हेडलाइट तपासतात.

डिपरवर किती वेगाने जाणं ठीक?

नीट लावलेल्या डिपरवर साधारण ५५ मीटर रस्ता दिसतो. ताशी ६० किमीला, कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद प्रतिसादाचा धरला तर थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात. ८० ला सुमारे ७०. म्हणजे ८० च्या वेगात डिपरवर एखादी बैलगाडी दिसेल तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते.

रात्री मधेच दोन्ही डिपर एकदम गेले तर?

दोन बल्ब एकाच क्षणी सहसा जात नाहीत. फ्यूज, रिले किंवा स्विच बघा. गाडीत १५ अँपिअरचे दोन फ्यूज, एक बल्ब आणि हातात धरायची छोटी बॅटरी (टॉर्च) ठेवा. आधी फ्यूज बदला. तोही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. फ्यूज शाबूत असेल तर अपर लावून बघा. अपर लागत असेल तर स्विच बंद करून अपरचा रिले काढा आणि डिपरच्या सॉकेटमध्ये लावा. डिपर आला तर जुना रिले खराब. अपरविना सावकाश घरी या. तरीही नाही आला, तर डिपर स्विचमधून ८६ वर ट्रिगर येत नसणार. टेप गुंडाळून ठेवलेला जुना होल्डर तिथे उपयोगाचा नाही, कारण तोही त्याच स्विचवर आहे. अशा वेळी चालू बॅटरी प्लसची एक वायर फ्यूजमधून डिपर रिलेच्या ८६ ला लावली की लाइट पेटतो, आणि घरी पोचल्यावर ती काढायची असते.